सीटीतली ‘हवा’ खरंच हवा आहे का? डोळ्याच्या खोबणीत घुसलेली काडी शोधताना

विचारलेली गोष्ट थोडक्यात अशी. मंगळवेढ्याकडचा एक मध्यमवयीन शेतकरी मालदांडी ज्वारीच्या कडब्याची पेंढी बांधायला वाकला आणि मोडक्या धाटाचं टोक डाव्या वरच्या पापणीत, नाकाकडच्या कोपऱ्याशी घुसलं. काडी त्याने स्वतःच ओढून काढली. जखम अर्धा सेंटिमीटरही नाही. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘खोबणीच्या आतल्या बाजूला थोडी हवा, फ्रॅक्चर नाही, परकी वस्तू दिसत नाही.’ आज पाचवा दिवस. नजर ६/९ आहे, पण पापणी सुजलेली, डोळा नाकाकडे आणि वर नेताना दुखतो, जखमेतून किंचित पू येतो. तालुक्याच्या डॉक्टरांचा प्रश्न असा की आता एमआरआयला सोलापूरला पाठवायचं, सीटी पुन्हा करायचा, की अँटिबायोटिक वाढवून चार दिवस वाट बघायची?

वाट बघू नका. आणि एमआरआयचा कागद लिहायच्या आधी, जिथे सीटी झाला त्या सेंटरला आजच फोन करा.

फोन कशासाठी ते आधी सांगतो. हातात आलेली फिल्म बहुधा ३ किंवा ५ मिलिमीटरच्या कापांची असते. मशीनने मात्र स्कॅन अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने घेतलेला असतो. तो कच्चा डेटा मशीनमध्ये काही दिवसच राहतो, डिस्क भरली की जुना आपोआप पुसला जातो. तो शिल्लक असेल तर रुग्णाला पुन्हा झोपवायची गरजच नाही. टेक्निशियनला सांगायचं : फक्त खोबणींचा भाग, एफओव्ही (चित्रात घेतलेल्या भागाची रुंदी) १६ ते १८ सेंटिमीटर, ०.६ किंवा ०.७५ मिलिमीटरचे काप, त्यापेक्षा थोड्या कमी अंतराने, सॉफ्ट टिश्यू आणि बोन अशा दोन्ही कर्नलमध्ये (प्रतिमा मऊ किंवा ठसठशीत करणारी गणिती गाळणी) रिकन्स्ट्रक्ट करून द्या. आणि सगळं डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) स्वरूपात सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर द्या. फिल्मला खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर काढलेला फोटो इथे कामाचा नाही. त्यात विंडो, म्हणजे पडद्यावर काळ्या-पांढऱ्या छटा कोणत्या आकड्यांत वाटायच्या ती सेटिंग, बदलता येत नाही, आणि या रुग्णाचा सगळा निकाल विंडोवर आहे.

कारण सुकं लाकूड सीटीत हवेसारखं काळं दिसतं. लाकडाच्या नळ्यांमधलं पाणी उडून गेलेलं असतं, तिथे हवाच भरलेली असते. ज्वारीचं वाळलेलं धाट तर त्याहून फसवं, कारण बाहेर पातळ कडक साल आणि आत सगळा भुसभुशीत गर. सीटीत घनता दाखवणाऱ्या हाउन्सफिल्ड मोजपट्टीवर पाणी ० आणि हवा उणे १०००. खोबणीतली चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू ४० ते ६०. सुकं लाकूड साधारण उणे २०० ते उणे ६०० च्या पट्ट्यात कुठेही सापडतं, फार हलकं असेल तर आणखी खाली. आता नेहमीची सॉफ्ट टिश्यू विंडो घ्या : रुंदी ३५०, मध्य ४०. हिची खालची सीमा येते उणे १३५ ला. त्याखालचं सगळं पडद्यावर एकसारखं कुट्ट काळं, मग ते उणे ४०० चं लाकूड असो की उणे १००० ची हवा. बघणारा कितीही अनुभवी असला तरी त्या विंडोत दोघांत फरकच शिल्लक राहत नाही.

म्हणून रुंदी १५०० आणि मध्य उणे ५०० करा. फुप्फुसांसाठी वापरतो तीच विंडो, डोळ्याला लावायची. आता चरबी फिकट राखाडी होते, हवा जवळपास काळीच राहते, आणि लाकूड असेल तर त्या दोन्हींच्या मध्ये करड्या रंगाची पट्टी उठून येते. सालीची कडा कधी दोन समांतर बारीक रेघांसारखी दिसते, मध्ये काळपट. हे बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण रिपोर्ट लिहिताना कोणी विंडो हलवली नाही तर काडी ‘हवा’ म्हणून नोंदली जाते. स्कॅनच्या मागणीपत्रावर ‘डोळ्याला मार’ एवढंच लिहिलेलं असेल तर दोष एकट्या रेडिओलॉजिस्टचा नाही. ‘वाळलेलं ज्वारीचं धाट घुसलं, स्वतः ओढून काढलं, तुकडा आत राहिल्याची शंका’ असं लिहून आलं की बघणाऱ्याची नजरच वेगळी होते.

विंडोनंतर आकार. हवेला स्वतःचा आकार नसतो. ती गोल बुडबुड्यांत राहते, चरबीच्या पडद्यांमधून पसरते, उताणं झोपलेल्या रुग्णात वर, म्हणजे पुढच्या बाजूला जमते. काडीच्या कडा सरळ असतात, टोक तुटल्यासारखं किंवा निमुळतं, आणि ती जखमेपासून निघणाऱ्या रेषेत असते. इथे तिन्ही दिशांचे काप लागतात, पण नुसते ॲक्सियल, कोरोनल, सॅजिटल पुरत नाहीत. काडी तिरकी गेलेली असते. ॲक्सियल कापात ती एका ठिकाणी गोल काळा ठिपका दिसते आणि बुडबुडा समजून सोडून दिली जाते. जखम आणि तो काळा ठिपका या दोन बिंदूंतून जाणारा तिरका काप स्वतः फिरवून काढा. ठिपक्याची लांब दांडी झाली तर ती हवा नव्हे.

आता आकडा. मोजण्यासाठी सॉफ्ट कर्नलचीच प्रतिमा घ्यायची. बोन कर्नल कडा ठसठशीत करताना आकडे वर-खाली ओढतो, त्यावर मोजलेलं हाउन्सफिल्ड विश्वासाचं नाही. आणि मोजायचं सगळ्यात पातळ कापात, वस्तूच्या अगदी मध्यावर, कडेला न लागता. इथली मोठी चूक अशी होते : एक मिलिमीटरचा हवेचा बुडबुडा ३ मिलिमीटरच्या कापात शेजारच्या चरबीत मिसळतो आणि सरासरी येते उणे ४००. म्हणजे खरी हवा लाकूड म्हणून मोजली जाते. उलटही होतं, दीड मिलिमीटरची काडी आसपासच्या रक्ताबरोबर मिसळून चरबीइतकी वाटते. त्यामुळे आकडा आणि आकार यांचं भांडण झालं तर आकाराचं ऐकावं, असं माझं मत आहे.

तुमच्या रुग्णात आणखी एक खूण तुमच्या बाजूने आहे. खोबणीत हवा येते कुठून? एक तर जखमेतून, नाहीतर शेजारच्या सायनसमधून. खोबणीची नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ, पाव ते अर्धा मिलिमीटर. ती फुटली की एथमॉइड या नाकालगतच्या सायनसमधली हवा आत येते, विशेषतः रुग्णाने नाक शिंकरलं तर. रिपोर्ट म्हणतो फ्रॅक्चर नाही. पातळ बोन कापांतही ती भिंत शाबूत दिसली, तर एवढ्याशा बंद झालेल्या जखमेतून शिरलेली हवा चार-पाच दिवसांत बरीचशी शोषली जायला हवी. आज सीटी पुन्हा केला आणि तोच काळा आकार, त्याच जागी, त्याच लांबीचा दिसला, तर निदान झाल्यात जमा आहे.

जुना डेटा पुसला गेला असेल, किंवा पातळ काप बघूनही शंका उरली, तर मग पुन्हा सीटी. पू आहे, म्हणून या खेपेला आधी कॉन्ट्रास्टशिवाय पातळ कापांचा ऑर्बिटचा (खोबणीचा) स्कॅन आणि मग कॉन्ट्रास्ट देऊन ऑर्बिट व मेंदू. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघून, प्रौढाला मिलिलिटरमागे ३०० मिलिग्रॅम आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट ६० ते ८० मिलिलिटर, सुमारे ६०-७० सेकंदांनी स्कॅन. गळू झालं असेल तर त्याची कड उजळते. साधा स्कॅन वगळू नका. कॉन्ट्रास्टनंतर उजळलेल्या भिंतीत बारीक तुकडा लपतो. स्कॅन वरच्या दातांपासून फ्रॉन्टल सायनसच्या माथ्यापर्यंत घ्यायचा. डोकं सरळ, डोळे मिटून समोर स्थिर. बुबुळ (इथे आणि पुढे, डोळ्याचा अख्खा गोळा) हललं तर पातळ काप घेऊनही काही उपयोग नाही. कमी डोसच्या दाणेदार (नॉइज जास्त असलेल्या) प्रतिमेत काडी हरवते, तेव्हा प्रौढात इथे डोस फार वाचवत बसू नये. मुलांत केव्ही (क्ष-किरण नळीचा व्होल्टेज) कमी करता येतो, पण दोनदा स्कॅन करावा लागण्यापेक्षा एकदा नीट केलेला बरा.

आणि एक साधी युक्ती, जी फार थोडे लोक वापरतात. घरच्यांना सांगा, त्याच पेंढीतलं, शक्य असेल तर तेच धाट घेऊन या. त्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा तोडून पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या डबीत दाबून बुडवा, तरंगू नये म्हणून टेपने तळाला चिकटवा, आणि रुग्णाचा स्कॅन झाल्यावर वेगळा, त्याच सेटिंगवर स्कॅन करा. त्या मशीनवर, त्या पिकाचं धाट किती हाउन्सफिल्डचं येतं हे समोर मांडून मिळतं. शिवाय ओढून काढलेली मूळ काडी फेकली नसेल तर तिचं टोक बघा. निमुळतं, स्वच्छ टोक आणि तिरपं चिरलेलं, तंतू निघालेलं टोक यात बराच फरक आहे. ज्वारीचं धाट उभं चिरतं. बाहेर आलेला तुकडा अखंड वाटला तरी सालीची एक चीर आत राहू शकते.

एमआरआयबद्दल लोकांचा समज असा की सीटीत नाही दिसलं ते तिथे दिसतंच. लाकडाच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. टी-१ आणि टी-२ या एमआरआयच्या दोन्ही प्रकारच्या प्रतिमांत काडी काळी दिसते, पण हवाही तशीच काळी, हाडाची कपचीही काळी. एमआरआयचा खरा उपयोग काडीभोवतालची सूज, गळू, स्नायू, ऑप्टिक नर्व्ह (दृष्टीची नस) आणि मेंदूचं आवरण बघायला. टी-१ आधी फॅट सॅचुरेशनशिवाय, म्हणजे चरबीचा उजळपणा न दाबता घ्या. पांढऱ्या चरबीवर काळी काडी चांगली उठते. मग फॅट सॅचुरेशनचा टी-२, आणि गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) दिल्यानंतर फॅट सॅचुरेशनचा टी-१. काप ३ मिलिमीटरच्या आत. सायनसच्या हवेमुळे तिथे फॅट सॅचुरेशन फसतं आणि खोटी उजळ पट्टी दिसते. डिक्सन किंवा स्टर या चरबी दाबायच्या दुसऱ्या पद्धती असतील तर त्या वापराव्यात. ग्रेडियंट एको प्रकारची प्रतिमा पाहताना लक्षात ठेवा, हवेचा काळेपणा तिथे फुगून दिसतो. एकूणात, तुमच्या रुग्णात क्रम सीटीचे पातळ काप, नंतर लागला तर एमआरआय, असाच ठेवावा, आणि एमआरआय वाचताना सीटी शेजारी उघडा असावा.

एमआरआयच्या आधी लोखंड नाही याची खात्री हवी, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी विचारायचं राहतं. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत डोळ्यात लोखंडाचा कण असल्याचं कोणाला ठाऊक नव्हतं, एमआरआयमध्ये तो हलला, आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. शेतकरी म्हणून सोडू नका. मळणी यंत्राचा बेल्ट, ट्रॅक्टरचा नांगर, घरचं वेल्डिंग, कोळपं ठोकून सरळ करणं, सगळं तोच करतो. पातळ कापांचा सीटी झालेला असेल तर वेगळा एक्स-रे नको, एक मिलिमीटरहून लहान धातूचा कणही सीटी दाखवतो.

वेळ जाईल तसं लाकूड बदलतं, आणि हा भाग तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आत गेलेली काडी पाणी शोषते. पहिल्या दिवशी उणे ४०० असलेली काडी काही दिवसांनी उणे १०० ला येते, म्हणजे बरोबर चरबीइतकी, आणि सीटीतून अक्षरशः अदृश्य होते. आणखी काही दिवसांनी स्नायूइतकी किंवा थोडी उजळ. म्हणून दुसऱ्या आठवड्यातला सीटी ‘हवा गेली, सुधारणा’ असा रिपोर्ट देतो आणि रुग्णाला पू मात्र येतच राहतो. हवेची जागा चरबीच्या रंगाच्या सरळ दांडीने घेतली का, भोवती दाट कडं आलं का, हे बघायला हवं. जखम भरून पुन्हा फुटणं, पापणीत बारीक नाडीव्रण (पू झिरपणारं छिद्र), अँटिबायोटिक बंद केलं की सूज परत, यांपैकी काहीही असेल तर स्कॅन काहीही म्हणो, आत काही तरी आहे असं धरून चाला.

सुरुवातीपासूनच न दिसणारं लाकूडही असतं. सांगोल्याकडे डाळिंबाची छाटणी चालू असते तेव्हा फांदीचा झटका डोळ्याला बसतो. ती फांदी ओली असते, आत रस असतो. ती पहिल्या दिवसापासूनच पाण्याच्या किंवा स्नायूच्या आसपास मोजते, काळी दिसतच नाही. उसाच्या ओल्या पाचटाचंही तेच. अशा वेळी वाइड विंडोचा काही फायदा नाही. रक्ताच्या गाठीत एखादी सरळ कड दिसते का, स्नायू एका जागी दबलाय का, एवढंच शोधता येतं, आणि इथे एमआरआय लवकर मागितला तर मी चूक म्हणणार नाही. बाभळीचा काटा वेगळाच त्रास. एक मिलिमीटर जाडीचा, टोकाशी त्याहून बारीक. तो चुकणार हे गृहीत धरून रुग्णाला पुन्हा बोलवावं.

बाकी वस्तूंबद्दल भराभर. धातू मोजपट्टीच्या वरच्या टोकाला, नेहमीच्या १२ बिटच्या सीटीत ३०७१ ला जाऊन अडतो, सभोवार किरणं फेकतो आणि खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. बोन विंडोत मोजा, आणि लोखंड, शिसं की तांबं हे सीटीवरून ठामपणे लिहू नका. ते रुग्णाच्या हकिगतीवरून ठरवा, पण सर्जनला ते हवं असतं, कारण लोखंड गंजून डोळ्याच्या पडद्याला विष होतं आणि शुद्ध तांबं झपाट्याने पू करतं. एअरगनचा शिशाचा छर्रा खोबणीत मागे असेल तर पुष्कळदा सोडून देता येतो. काच बहुतेक वेळा पांढरी दिसते, पण अर्ध्या मिलिमीटरचा कण निसटतो. प्लास्टिकचा भरवसा नाही : पॉलिप्रॉपिलीन चरबीसारखं, पीव्हीसी पांढरं. शाळकरी पोरांत पेन्सिल. मधलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते पांढऱ्या ठिपक्यासारखं आणि भोवती लाकडाचं काळं कडं. खराट्याची काडी आणि अगरबत्तीची काडी मात्र मुलांत वारंवार चुकतात, कारण मूल नीट सांगत नाही आणि जखम पापणीच्या घडीत लपते.

खोट्या खुणाही माहीत हव्यात. सुरमा किंवा काही काजळांत शिशाचा अंश असतो. पापणीच्या कडेला पांढरे बारीक कण दिसतात ते त्याचे. स्कॅनआधी पापणी हलकेच पुसून घेतली तर प्रश्नच उरत नाही, पण बुबुळ फुटल्याची शंका असेल तर हात लावू नका, तसं नोंदवा. वयस्कांत स्नायू बुबुळाला चिकटतात तिथे चुन्याचे ठिपके असतात. पडद्याच्या शस्त्रक्रियेत बसवलेला सिलिकॉनचा पट्टा बुबुळाभोवती कड्यासारखा दिसतो. स्पंजाचा असेल तर तो काळा, म्हणजे पुन्हा हवेचं सोंग. आणि तुमच्या रुग्णाच्या अगदी त्याच कोपऱ्यात, खोबणीच्या वर-आत, ट्रॉक्लियात (डोळ्याच्या स्नायूची कप्पी) चुना साठलेला असू शकतो. दुसऱ्या बाजूलाही तसाच ठिपका दिसला तर तो परका नाही.

बुबुळाकडे वेगळं बघा. स्क्रीनवर त्याचा गोल चपटा झालाय का, आत हवेचा कण आहे का, भिंतीत खाच आहे का, लेन्स जागेवर आहे का, पुढची पोकळी दुसऱ्या डोळ्यापेक्षा खोल किंवा उथळ झालीये का. मागे फाटलेलं असेल तर पुढची पोकळी खोल होते, ही खूण पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. पण सीटी नॉर्मल आहे म्हणून डोळा फुटलेला नाही असं लिहू नका. वेगवेगळ्या अभ्यासांत सीटीने फुटलेले डोळे निम्म्यापासून तीनचतुर्थांशापर्यंतच ओळखले आहेत. शंका असेल तर निर्णय ऑपरेशन टेबलावर, मायक्रोस्कोपखाली. सोनोग्राफीचा प्रोब अशा डोळ्यावर टेकवू नये. बुबुळ शाबूत असल्याची खात्री असेल तेव्हा मिटलेल्या पापणीवर भरपूर जेल टाकून, दाब न देता, १० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरच्या प्रोबने पुढच्या भागातली काडी उजळ रेघ आणि तिच्यामागे सावली अशी छान दिसते. मागच्या भागाचं काम सोनोग्राफीचं नाही. साध्या एक्स-रेने लाकूड जवळपास कधीच दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ याला इथे काहीही किंमत नाही.

काडी किती खोल गेली हा पुढचा प्रश्न. खोबणीच्या कडेपासून तिच्या टोकापर्यंत साधारण चार ते साडेचार सेंटिमीटर. म्हणजे करंगळीएवढी काडी सरळ गेली तर ऑप्टिक नर्व्हच्या नळीपाशी पोचते. वरच्या पापणीतून घुसलेली वस्तू बहुधा छताकडे जाते, आणि ते छत पातळ, पलीकडे थेट मेंदूचा पुढचा भाग, फ्रॉन्टल लोब. सुपीरियर ऑर्बिटल फिशर या खोबणीच्या मागच्या नैसर्गिक फटीतून हाड न मोडताही वस्तू कॅव्हर्नस सायनसपर्यंत (मेंदूच्या तळाशी असलेली शिरांची पोकळी, जिच्यातून कॅरोटिड धमनी जाते) जाऊ शकते, म्हणून ‘फ्रॅक्चर नाही’ म्हणजे ‘मेंदू सुरक्षित’ असं होत नाही. बाहेरची जखम बघून खोलीचा अंदाज बांधू नका, पापणीची त्वचा सैल असते आणि काडी निघाली की तोंड मिटतं. छताच्या हाडाजवळ हवा, ड्यूराजवळ (मेंदूच्या आवरणाजवळ) रक्त, फ्रॉन्टल लोबमध्ये सूज, यांपैकी काही दिसलं तर न्यूरोसर्जनला त्याच तासात कळवावं.

काडीची वाट खोबणीच्या टोकाशी किंवा कॅव्हर्नस सायनसजवळ गेली असेल तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी). सेकंदाला ४ ते ५ मिलिलिटर वेगाने कॉन्ट्रास्ट, आणि स्कॅन आर्टेरियल फेजमध्ये, म्हणजे कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाच. सुपीरियर ऑफ्थाल्मिक व्हेन (खोबणीतली वरची शीर) दुसऱ्या बाजूपेक्षा जाड दिसणं, कॅव्हर्नस सायनस आर्टेरियल फेजमध्येच भरणं, या कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुलाच्या (धमनी फुटून तिचं रक्त थेट त्या पोकळीत जाण्याच्या) खुणा. कॅरोटिडला झालेला फुगवटा पहिल्या दिवशी नसतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी प्रकट होतो, तेव्हा पहिली अँजिओग्राफी चांगली आली तरी दुसरी ठरवून ठेवा. रुग्णाला ‘कानात धडधड ऐकू येते का’ हे विचारायला पैसे लागत नाहीत.

काडी अजून आतच असेल, तर दवाखान्यात कोणीही ती ओढू नये. रक्तवाहिनीला तिनेच बूच बसवलेलं असू शकतं. बाहेरचं टोक हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी गॉझच्या गुंडाळ्या आणि वरून कडक कवच. नेत्रकवच नसेल तर कागदी पेल्याचा तळ चालतो, तो भुवई आणि गालाच्या हाडावर टेकला पाहिजे, डोळ्यावर नाही. दाबाची पट्टी नाही, मलम नाही. उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शन, तोंडाने काही नाही, धनुर्वाताची लस बघा, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करा. नाक शिंकरू नका असं रुग्णाला बजावा. सीटीत स्कॅनच्या एफओव्हीत बाहेरचं टोकही आलं पाहिजे, म्हणजे सर्जनला एकूण लांबी कळते. टेबल आत सरकवण्याआधी टेक्निशियनने हाताने अंतर मोजावं, काडी गॅन्ट्रीला (मशीनच्या कड्याला) घासली तर आत हलते.

एका परिस्थितीत मात्र स्कॅनच्या आधी हात चालवायचा. डोळा दगडासारखा कडक, पुढे आलेला, नजर डोळ्यादेखत जाते आहे, बाहुली उजेडाला सुस्त. खोबणीत रक्त साचून दाब वाढला असेल तर ऑप्टिक नर्व्हला साधारण दीड तासापलीकडे धीर धरवत नाही. मंगळवेढ्याहून सोलापूर गाठायलाच तास जातो. लॅटरल कॅन्थॉटमी आणि कॅन्थोलिसिस (पापण्यांचा कानाकडचा कोपरा कापून दाब मोकळा करणं) तिथेच करावी, सीटी नंतर. बुबुळ फुटल्याची दाट शंका असेल तर हा निर्णय नेत्रतज्ज्ञाशी फोनवर बोलून घ्यावा, कारण तिथे हाताचा दाबही महागात पडतो.

रेडिओलॉजिस्टकडून रिपोर्टमध्ये काय मागायचं तेही सांगून ठेवतो. तुकडे किती, प्रत्येकाची लांबी-जाडी, सॉफ्ट कर्नलवरचं हाउन्सफिल्ड. खोबणीच्या कडेपासून आतलं टोक किती मिलिमीटरवर. ऑप्टिक नर्व्हच्या नाकाकडे की कानाकडे, वर की खाली, मीडियल रेक्टसच्या (डोळा नाकाकडे वळवणाऱ्या स्नायूच्या) कोणत्या बाजूला. चारही भिंती, छत, सायनस, मेंदू. आणि ‘परकी वस्तू नाही’ या वाक्याऐवजी ‘इतक्या मिलिमीटरच्या कापांत दिसली नाही, ओलं लाकूड वगळता येत नाही’ असं लिहिलेलं असावं. मारामारीतून झालेली जखम असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल) नोंद आणि मूळ डायकॉम प्रत जपून ठेवणं, हे आलंच.

तुमच्या रुग्णासाठी : धनुर्वाताची लस झालीये का बघून शिरेतलं अँटिबायोटिक चालू ठेवा, पू कल्चरला पाठवा, बुरशीचंही मागा, कारण शेतातली काडी आहे. जुन्या स्कॅनचे पातळ काप आजच मिळाले तर रुग्णासोबत पेनड्राइव्ह पाठवा, नाही मिळाले तर सोलापूरला पोचल्यावर आधी सीटी. सिव्हिलला किंवा जिथे ऑर्बिटचं ऑपरेशन होतं तिथेच स्कॅन केला तर सर्जन पडद्यासमोर उभा राहून विंडो फिरवून बघू शकतो, ही सोय मोठी आहे. काडी सापडली तर ती काढावीच लागते, काच किंवा छर्ऱ्यासारखी ठेवून देता येत नाही. लाकूड सच्छिद्र, जंतू त्यातच घर करून राहतात. काढताना चिमट्यात तुकडे होतात, तेव्हा निघालेले सगळे तुकडे गॉझवर लांबीने मांडून स्कॅनमधल्या लांबीशी ताडून बघावेत. लांबी जुळत नसेल तर जखम बंद करायची घाई नको. आणि ऑपरेशननंतर लगेच दुसऱ्या दिवशी सीटी मागवू नका. आत शिरलेली हवा पुन्हा तोच घोळ घालते. सूज किंवा पू राहिला तर आठ-दहा दिवसांनी करा, आणि तेव्हा पहिल्या स्कॅनची प्रत शेजारी उघडी ठेवा.